बादालघन : एकोणतीस अंकी संख्येची कथा

जैन वाङ्मयात मोठ्या संख्यांची वाण नाही. काळाच्या गणनेत येणारी शीर्षप्रहेलिका ही चौऱ्याऐंशी लक्ष या संख्येचा अठ्ठाविसावा घात असून ती लिहावयास १९४ अंकस्थाने लागतात. ज्योतिष्करंडक ग्रंथातील परंपरेप्रमाणे हाच घात छत्तिसावा धरला तर २५० स्थाने होतात. पल्योपम, सागरोपम, रज्जू ही मापे तर लिहून दाखविण्याच्या पलीकडची आहेत. या सर्वांच्या मानाने केवळ एकोणतीस अंकांची संख्या लहानच म्हणावी लागेल. तरीसुद्धा जैन गणिताच्या इतिहासात तिला जे स्थान मिळाले ते शीर्षप्रहेलिकेला मिळाले नाही. याचे कारण असे की ही संख्या नुसती सांगितली गेली नाही. ती मोजली गेली, तपासली गेली, आणि एका थोर आचार्यांनी ती मान्य करण्यास गणिताच्याच आधारे नकार दिला.

ती संख्या अशी : ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६.

श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांच्या जघन्य संख्येचा विचार आला आहे. तेथे ही संख्या अंकांत लिहिलेली नाही. तिचे वर्णन निरनिराळ्या प्रकारे केले आहे. ती एकोणतीस स्थाने व्यापते, हे एक. ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे, हे दुसरे. यमलपद म्हणजे आठ अंकस्थानांचा गट, तेव्हा चोवीस आणि बत्तीस या स्थानांच्या दरम्यान ती येते. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते, हे तिसरे. आणि जिचे शहाण्णव वेळा छेद होतात, म्हणजे जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते अशी ती राशी आहे, हे चौथे.

येथे ‘वर्ग’ शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. आरंभ दोनापासून करावयाचा. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा २५६, हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. दिगंबर ग्रंथांत याला पण्णट्ठी असे सुटसुटीत नाव आहे. पासष्ट या आरंभीच्या अंकांवरून ते पडले. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. याचा आरंभ बेचाळीसने होतो म्हणून हा बादाल. सहावा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, आणि एक व आठ या पहिल्या दोन अंकांवरून त्याचे नाव एकट्ठी. मोठ्या संख्येला तिच्या पहिल्या दोन अंकांवरून हाक मारण्याची ही रीत मोठी घरगुती वाटते, परंतु पाठांतराच्या काळात तिची सोय किती असेल हे सहज लक्षात येते.

बादाल आणि एकट्ठी यांचा गुणाकार केला की प्रस्तुत संख्या येते. बादाल म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, एकट्ठी म्हणजे चौसष्टावा घात. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. म्हणजेच ‘सहाव्याला पाचव्याने गुणावे’ आणि ‘शहाण्णव वेळा निम्मे करावे’ या दोन वाक्यांत एकच गोष्ट सांगितली आहे, आणि ज्यांनी ही दोन्ही वर्णने शेजारीशेजारी ठेवली त्यांना गुणाकाराचे रूपांतर बेरजेत होते हा नियम ठाऊक होता. बादालाचा घन केला तरी बत्तीस तिरपे शहाण्णव म्हणून तीच संख्या येते. दिगंबर ग्रंथांत तिचा निर्देश बहुधा असाच होतो, आणि म्हणूनच तिला बादालघन म्हणावयाचे.

एखादी संख्या किती वेळा निम्मी केली असता शेवटी एक उरतो, त्या वेळांच्या गणतीस धवला टीकेत अर्धच्छेद ही संज्ञा आहे. त्याचप्रमाणे तीनाने भागत जाण्यास त्रिकच्छेद आणि चाराने भागत जाण्यास चतुर्थच्छेद. अर्धच्छेदांचेही अर्धच्छेद काढले की वर्गशलाका मिळते; एकट्ठीची वर्गशलाका सहा, बादालाची पाच. दोन राशींच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्या दोन राशींच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात आणि भागाकारात ते वजा होतात, हे नियम धवलेत स्पष्टपणे वापरलेले आहेत. आजच्या शाळेत लॉगरिदम या नावाने जे शिकविले जाते त्याचे हे दोन पायाचे रूप होय. युरोपात जॉन नेपियर याचा ग्रंथ १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जैन आचार्य त्याच्या कितीतरी अगोदरचे आहेत. मात्र या गोष्टीचा उल्लेख करताना थोडा संयम पाळणे बरे. नेपियरने कोणत्याही संख्येसाठी उपयोगी पडणारी कोष्टके तयार केली आणि त्यांनी खगोलशास्त्रज्ञांचे श्रम वाचले. जैन आचार्यांना कोष्टकांची गरज नव्हती, त्यांना राशींची उतरंड समजून घ्यावयाची होती. दोघांच्या हाती एकच कल्पना आली, परंतु कामे निराळी होती. आपल्या पूर्वजांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याचे श्रेय काढून घेण्याची काहीच आवश्यकता नाही.

शब्दांनी वर्णन करण्याचे आणखी एक व्यावहारिक कारणही होते. भारतीय गणितात संख्यास्थानांची नावे साधारणतः परार्धापर्यंत, म्हणजे अठरा स्थानांपर्यंत प्रचलित होती. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात ती महाक्षोभापर्यंत, चोवीस स्थानांपर्यंत नेली. एकोणतिसाव्या स्थानाला तेथेही नाव नाही. कोडाकोडी, कोडाकोडाकोडी असे कोटीला कोटीने गुणत जाणे किंवा निम्मे करण्याच्या वेळा सांगणे, हेच मार्ग उरतात.

संख्येचे काही गुण

अनुयोगद्वारातील दोन वर्णने एकत्र वाचली असता एक सुंदर गोष्ट निदर्शनास येते. ‘एकोणतीस स्थाने’ एवढेच सांगितले तर असंख्य म्हणाव्यात इतक्या संख्या त्यात बसतात. ‘शहाण्णव वेळा निम्मी होणारी’ एवढेच सांगितले तरी तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट अशा अनंत संख्या त्यात येतात. परंतु दोन्ही अटी एकदम घातल्या की संपूर्ण संख्याविश्वात एकच संख्या उरते. कारण या संख्येची नुसती दुप्पट केली तरी ती तीस अंकी होते. तेव्हा ताडपत्रावर नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून एखादा अंक चुकला, दोन अंकांची अदलाबदल झाली, तरी सूत्रातील वर्णनावरून मूळ संख्या पुन्हा उभी करता येते. हजार-दीड हजार वर्षे ही संख्या शुद्ध राहिली याचे रहस्य तिच्या या अंगभूत गुणात आहे.

शहाण्णव या अंकाला बारा भाजक आहेत, त्यामुळे बादालघन हा एकाच वेळी पूर्ण वर्गही आहे आणि पूर्ण घनही आहे. त्याचे वर्गमूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ असे पंधरा अंकी येते आणि घनमूळ तर बादालच. मात्र शहाण्णव हा स्वतः दोनाचा घात नसल्यामुळे बादालघनाची वर्गशलाका पूर्णांकात येत नाही. दोन, चार, सोळा या द्विरूपवर्गधारेत त्याला जागा नाही. आठ, चौसष्ट, ४०९६ अशा क्रमाने जाणाऱ्या द्विरूपघनधारेत मात्र तो सहाव्या ठिकाणी येतो. सहावा वर्ग आणि सातवा वर्ग यांच्या तो बरोबर मध्यावर आहे. अर्थात हा मध्य बेरजेचा नव्हे, गुणाकाराचा. सहाव्या वर्गाचे अर्धच्छेद चौसष्ट, सातव्याचे एकशे अठ्ठावीस, आणि शहाण्णव हा त्यांचा मध्य.

या संख्येला एक धरून सत्त्याण्णव भाजक आहेत. ती स्वतः सोडून इतर सर्व भाजकांची बेरीज केली तर ती मूळ संख्येपेक्षा नेमकी एकाने कमी भरते. सत्त्याण्णव ही मूळ संख्या असल्यामुळे बादालघनाला सत्त्याण्णवाने भागले असता बाकी एक उरते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये मांडलेल्या नियमाचे हे उदाहरण होय. आणि ज्यांना गुणाकाराची पडताळणी घरी करावयाची असेल त्यांच्यासाठी द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धान्तात आढळणारी नऊ टाकण्याची रीत पुरेशी आहे. बादालाच्या अंकांची बेरीज ५८, तिचे शेष चार. एकट्ठीच्या अंकांची बेरीज ८८, शेष सात. चार साते अठ्ठावीस, म्हणजे शेष एक. बादालघनाच्या एकोणतीस अंकांची बेरीज १२७, आणि तिचेही शेष एकच.

संगणकाच्या क्षेत्रातील तरुणांना ही संख्या ओळखीची वाटण्याचा संभव आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या डॉट नेट प्रणालीत ‘डेसिमल’ नावाचा जो संख्याप्रकार आहे त्यात अंक साठविण्यासाठी ९६ बिट राखलेले असतात, आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या बादालघनापेक्षा बरोबर एकाने कमी आहे. हा योगायोग आहे, यापेक्षा अधिक त्यात काही नाही; पण दोनाचे घात मोजणाऱ्या दोन पिढ्या एका उंबऱ्यावर भेटाव्यात हे गमतीचे खरे.

सूत्र आणि व्याख्यान

आता मूळ वादाकडे वळावयाचे. गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना श्रुतज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागमाची रचना झाली, ही कथा सर्वांना परिचित आहे. या ग्रंथाच्या पहिल्या खंडात द्रव्यप्रमाणानुगम नावाचा भाग आहे आणि त्यात चौदा गुणस्थाने व मार्गणा यांतील जीवांची संख्या सांगितली आहे. पर्याप्त मनुष्यांपैकी मिथ्यादृष्टी किती, या प्रश्नाचे उत्तर देताना सूत्रकार दोन मर्यादा घालतात. ती संख्या कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. तसेच ती सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे.

कोडाकोडाकोडी म्हणजे एकावर एकवीस शून्ये. कोडाकोडाकोडाकोडी म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. ही दुसरी संख्या लिहिली की तिचीही स्थाने एकोणतीसच भरतात! येथेच घोटाळ्याला जागा आहे. बादालघनही एकोणतीस अंकी आणि सूत्रातील वरची मर्यादाही एकोणतीस अंकी, तेव्हा वरवर पाहणाऱ्याला दोहोंत मेळ आहे असेच वाटावे. परंतु मर्यादेचा पहिला अंक एक आहे आणि बादालघनाचा सात. बादालघन त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. सहाव्या-सातव्या वर्गाची अट तो पाळतो, कोटींची अट मोडतो. तो एकदा निम्मा केला तरी मर्यादेबाहेरच राहतो, दोनदा केला तरीही. तिसऱ्यांदा निम्मा केला म्हणजे कोठे मर्यादेच्या आत येतो, तोही काठावर.

आचार्य वीरसेनांच्या नजरेतून हे सुटले नाही. त्यांची धवला टीका शके ७३८ मध्ये, म्हणजे इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली असे प्रा. हिरालाल जैन यांनी ठरविले. काही अभ्यासक ती इ. स. ७८० च्या सुमाराची मानतात. वीरसेनांच्या पुढे सूत्र होते आणि त्याचबरोबर पर्याप्त मनुष्यांची संख्या बादालघनाइतकी आहे असे सांगणारे आचार्यांचे व्याख्यानही होते. दोन्ही परंपरेनेच आलेली. कोणत्याही टीकाकाराला असा प्रसंग अवघड असतो. एक मत दुसऱ्यावर ओढूनताणून बसविता येते. ‘हे केवलीगम्य आहे’ म्हणून पुढेही जाता येते. वीरसेनांनी तसे केले नाही. त्यांनी मनुष्यलोकाचे क्षेत्रफळ काढले आणि इतकी माणसे तेथे मावणे शक्य नाही असे दाखवून ते मत चूक ठरविले.

हा युक्तिवाद किती पक्का आहे हे आगमातील मापे घेऊन पाहता येते. मनुष्यलोक म्हणजे अढाई द्वीप. मध्ये एक लक्ष योजने व्यासाचा जंबूद्वीप, त्याभोवती दोन लक्ष योजने रुंदीचा लवणसमुद्र, मग चार लक्षांचा धातकीखंड, आठ लक्षांचा कालोद समुद्र आणि आठ लक्षांचा अर्धा पुष्करद्वीप. सर्व मिळून व्यास पंचेचाळीस लक्ष योजने. परिघासाठी दहाचे वर्गमूळ घेण्याची जी आगमिक रीत आहे तिने परिघ १,४२,३०,२४९ योजने येतो, आणि परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की क्षेत्रफळ १,६०,०९,०३,०१,२५,००० चौरस योजने. एका योजनाची ७,६८,००० अंगुले. द्वीपसमुद्र मोजण्याचे प्रमाणांगुल हे शरीर मोजण्याच्या उत्सेधांगुलाच्या पाचशेपट असते, तेही धरावयाचे. इतकी उदार मापे घेऊन सर्व मनुष्यलोकाची उत्सेधांगुले केली आणि बादालघनाने भागले, तर दर मनुष्यास जागा येते सुमारे तीस चौरस अंगुले. म्हणजे साडेपाच अंगुले लांब आणि साडेपाच अंगुले रुंद. चोवीस अंगुलांचा एक हात; तेव्हा एक हात लांब-रुंद जागेत एकोणीस माणसे उभी करावी लागतील! पुन्हा या क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा लवण आणि कालोद या समुद्रांचा आहे. पर्वत, नद्या, सरोवरे निराळीच. समुद्र वगळले तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस चौरस अंगुलेही राहत नाहीत.

उलट सूत्रातील वरची मर्यादा घेतली तर तोच हिशेब २३६ चौरस अंगुलांवर येतो, म्हणजे पंधरा-साडेपंधरा अंगुले लांब-रुंद. मर्यादेच्या खाली जितके जावे तितकी ही जागा वाढत जाते. सूत्र आणि क्षेत्र यांचा मेळ बसू शकतो. बादालघन आणि क्षेत्र यांचा बसत नाही.

वीरसेनांनी या ठिकाणी जे केले त्याचे महत्त्व संख्येपुरते नाही. धर्मग्रंथावरील टीकेत, श्रद्धेच्या पूर्ण चौकटीत राहून, एका आचार्याने परंपरेतील एका मताला विचारले की हे मोजमापात बसते काय. अढाई द्वीपाची मापे त्यांनी आगमातूनच घेतली, संख्या परंपरेतूनच घेतली, आणि दोहोंची गाठ भागाकाराने घातली. आजच्या पृथ्वीवरील लोकसंख्येने २०२२ मध्ये आठशे कोटींचा टप्पा गाठला, तिच्याशी या संख्येची तुलना करून कोणी हसतो तर कोणी सारवासारव करतो. अढाई द्वीपाचे मोजमाप वेगळे असल्यामुळे ती तुलना मुळातच अस्थानी आहे. खरी तुलना आगमाची आगमाशीच करावयाची होती, आणि ती बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

अक्षरांत लपलेले अंक

तरीही बादालघन नाहीसा झाला नाही. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांनी श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराची प्रतिष्ठापना करणाऱ्या चामुंडरायासाठी गोम्मटसार रचला. हा ग्रंथ बहुतांशी षट्खंडागम आणि धवला यांचाच सार आहे. असे असूनही जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या पाचव्या वर्गाच्या घनाइतकी, म्हणजे बादालघनच दिली आहे. वीरसेनांनी नाकारलेले मत नेमिचंद्रांनी स्वीकारले! शिष्यपरंपरेने गुरुपरंपरेचे सर्व काही डोळे मिटून घेतले असा जो समज असतो त्याला हे एक चांगले उत्तर आहे. दोन्ही आचार्य पूज्य, दोन्ही ग्रंथ प्रमाण, आणि मत मात्र भिन्न.

जीवकांडात याच प्रसंगी एक नवलाची गाथा आहे. वाचताना ती अर्थहीन शब्दांची माळ वाटते. पण तिच्यातील प्रत्येक अक्षर एक अंक आहे. ‘क’ पासून ‘झ’ पर्यंत एक ते नऊ, ‘ट’ पासून ‘ध’ पर्यंत पुन्हा एक ते नऊ, ‘प’ पासून ‘म’ पर्यंत एक ते पाच, ‘य’ पासून ‘ह’ पर्यंत एक ते आठ, आणि ‘न’ म्हणजे शून्य. मात्रांना किंमत नाही. दक्षिणेत कटपयादी या नावाने ही पद्धत प्रसिद्ध आहे. गाथेचे पहिले अक्षर ‘त’, त्याचे मूल्य सहा, हा एकं स्थानचा अंक. नंतर दोनदा ‘ल’ येतो, म्हणजे तीन आणि तीन. मग ‘न’ चे शून्य. असे उजवीकडून डावीकडे अंक मांडत गेले की शेवटच्या ‘सा’ चा सात सर्वांत डावीकडे येऊन बसतो आणि एकोणतीस अंकांची संख्या पुरी होते. आजच्या संगणकाने काढलेल्या उत्तराशी ती पडताळून पाहिली असता एकाही अंकाचा फरक पडत नाही. चौदाव्या शतकात केशववर्णींनी आणि अठराव्या शतकात जयपूरच्या पंडित टोडरमलांनी गोम्मटसारावर विस्तृत टीका लिहिल्या. टोडरमलांनी तर राशींच्या खुणा समजावून देण्यासाठी अर्थसंदृष्टीचा स्वतंत्र अधिकारच रचला.

जीवकांडातच दुसऱ्या एका ठिकाणी एकट्ठी एकाने कमी करून येते. मूळ अक्षरे चौसष्ट : सत्तावीस स्वर, तेहतीस व्यंजने आणि चार योगवाह. या अक्षरांचे एकसंयोगी, द्विसंयोगी असे करीत चौसष्टसंयोगीपर्यंत जितके भंग होतील तितकी श्रुताची एकूण अक्षरे. प्रत्येक अक्षर घ्यावे किंवा सोडावे असे दोनच पर्याय असल्यामुळे चौसष्ट वेळा दोन गुणावयाचे आणि काहीच न घेतल्याचा एक भंग वगळावयाचा. उत्तर येते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, असे दुप्पट करीत गेल्यास जितके दाणे लागतात ती हीच संख्या होय. ती कथा तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने नोंदविली आहे. श्रुताक्षरांच्या संख्येला एका मध्यमपदाच्या १६,३४,८३,०७,८८८ अक्षरांनी भागले की द्वादशांगाची पदे येतात ११२,८३,५८,००५, आणि बाकी उरते ८,०१,०८,१७५. ही बाकी टाकून दिलेली नाही. तितकी अक्षरे अंगबाह्य श्रुताची, असे सांगितले आहे. भागाकार करून पाहिला तर बाकीसह तो तंतोतंत जुळतो.

मूडबिद्रीहून अमरावतीस

धवलेतील ही सारी चर्चा कित्येक शतके मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीतील ताडपत्रांवर होती. ग्रंथ दर्शनाचा आणि पूजेचा विषय झाला होता, वाचनाचा राहिला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नकला होऊ लागल्या आणि त्या कामास चालना देण्यात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांचा पुढाकार होता. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादनाचे कार्य हाती घेतले; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे त्यांना साहाय्य होते. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. द्रव्यप्रमाणानुगमाचा तिसरा खंड १९४१ चा. सुमारे दोन दशकांत सोळाही खंड पूर्ण झाले. जे काम एखाद्या विद्यापीठाला भारी पडावे ते विदर्भातील एका शहरात बसून काही पंडितांनी तडीस नेले, याचा महाराष्ट्रातील जैन समाजाला जितका अभिमान वाटावा तितका वाटत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

अनुयोगद्वारातील शहाण्णव छेदांच्या राशीकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष विभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मध्येच कलकत्ता गणित परिषदेच्या पत्रिकेतील लेखाने वेधले होते. परंतु तेव्हा धवला छापलेली नव्हती, त्यामुळे वीरसेनांचा आक्षेप त्यांच्यासमोर असण्याचे कारण नव्हते. लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी १९४२ च्या चौथ्या खंडासाठी धवलेतील गणितावर जो लेख लिहिला, त्यात अर्धच्छेदांचे नियम आजच्या चिन्हांत मांडले गेले आणि बादालघन कोटींच्या मर्यादेबाहेर जातो, हे वीरसेनांना माहीत होते व क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यांनी ते सिद्ध केले, हेही प्रथमच गणितज्ञांपुढे आले. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह काढला, आणि षट्खंडागमाच्या खंडांची पुढील आवृत्तीही त्याच संस्थेकडून निघाली. त्या आवृत्तीचा तिसरा खंड आणि गोम्मटसाराचे जीवकांड ही दोन्ही पुस्तके आज शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात. एकात बादालघनाचे एकोणतीस अंक अक्षरांत गुंफलेले आहेत, दुसऱ्यात ते खोडून काढणारा हिशेब आहे.